शाळेला मैदान नव्हते, मग आपण खेळलो कुठे? (सोलापूर)

शुक्रवारपेठकर (धागाकर्ता) | १० जानेवारी, सकाळी ८.१५

पुण्यात तिसरीत शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या आठवड्यात मला विचारले, "आजोबा, तुमच्या शाळेचे ग्राउंड केवढे होते?" मी हात पसरून काहीतरी सांगणार, तोच माझ्या लक्षात आले की आमच्या शाळेला मैदान नव्हतेच. मी १९६३ साली पहिलीत गेलो तेव्हा ती नगरपालिकेची शाळा होती. १ मे १९६४ रोजी सोलापूरची महापालिका झाली आणि मी दुसरीत जाईपर्यंत शाळाही महापालिकेची झाली, पण आमच्या दृष्टीने बदल एवढाच की दारावरची पाटी नव्याने रंगवली गेली. शुक्रवार पेठेतल्या एका भाड्याच्या वाड्यात चार खोल्या, मधे फरसबंदी चौक आणि चौकात मालकांचे तुळशीवृंदावन असा सगळा संसार होता. मधल्या सुट्टीत चौकात धावायला बंदी होती, कारण मालकीणबाईंचे वाळवण तिथेच असे.

आठवणींच्या लेखांतून 'शाळा आणि मैदान' ही जोडी वाचताना मला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होते. जुन्या पेठांत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची शाळा एकीकडे होती आणि मैदान भलतीकडे होते, आणि ते मैदान आपले नव्हतेच. दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची ती जागा होती आणि काम संपल्यावर ती आपल्याला मिळे. म्हणून सभासदांना विनंती आहे की आपापल्या मैदानाविषयी लिहिताना ते कोणाचे होते, दिवसाच्या कोणत्या वेळी ते आपले होई आणि आज तिथे काय आहे, एवढे अवश्य लिहावे.

माझी एक स्वतंत्र चौकशीही आहे. माझे मामा कन्ना चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात राहत. रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. त्यांच्या गल्लीमागे एक लांबट मोकळी जागा होती, तिथे सकाळी विणकर ताणा पसरून त्याला खळ लावत. बांबूच्या कैच्यांवर तोललेले शेकडो दोरे जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर सरळ ताणलेले असत आणि एक माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंचला फिरवत चालत असे. उन्हे चढली की ताणा गुंडाळला जाई आणि जागा मुलांची होई. एका रविवारी आम्ही ताणा उचलण्याआधीच चेंडू फेकायला सुरुवात केली आणि माझ्या हातून सुटलेला चेंडू दोऱ्यांत शिरला. दोरे तुटताना आवाज होत नाही, ते नुसते खाली लोंबतात. बाकीची मुले पळाली. मी मामांच्या धाकाने जागीच उभा राहिलो. त्या विणकराने मला मारले नाही. शेजारी बसवले, तुटलेली दोन टोके चिमटीत कशी धरायची आणि गाठ कशी मारायची हे दोनदा दाखवले आणि "चल, बांध" म्हणून तो पुढच्या दोऱ्याकडे वळला. दुपारच्या जेवणापर्यंत मी गाठी मारत होतो. बोटांना खळीचा आंबूस वास दोन दिवस येत होता.

त्या जागेला नाव नव्हते. एका टोकाला मोठा कडुलिंब आणि दुसऱ्या टोकाला मारुतीचे गुडघ्याएवढे देऊळ होते. ही जागा नेमकी कुठे, हे कोणी सांगू शकेल का?

दाळचुरमुरे | सकाळी ८.४०

धागा तुटल्याची गोष्ट सांगण्यासाठी काकांनी धागा काढला आहे, तेव्हा तो न तोडता चालवण्याची जबाबदारी आता आपल्या सर्वांवर आहे.

भोंगा | सकाळी ९.३०

आमचे मैदान गिरणीच्या चाळींमधली पट्टी होती. दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा आणि मधे साधारण चाळीस फूट रुंदीची माती. मालकी गिरणीची, पण वापर बायकांचा. सकाळी धुणे, दुपारी पापड-कुरडया आणि साडेतीनच्या भोंग्यानंतर आम्ही. क्रिकेटचे नियम धुण्यावरून ठरलेले होते. चेंडू वाळलेल्या वाकळेला लागला तर चौकार, ओल्या चादरीला लागला तर फलंदाज बाद, कारण ओल्या चादरीवर मातीचा डाग पडला की ज्या घरची चादर असेल तिथली आई चेंडू जप्त करी. त्यामुळे आमच्याकडे ऑफ साइडला मारणारा एकही खेळाडू तयार झाला नाही. त्या बाजूला तीन मुली असलेल्या घराचे धुणे असे.

सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे या गावाने घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त विश्वास ठेवला, असे वडील सांगत. आमचे मैदान मात्र कोणी बांधकाम केले म्हणून गेले नाही. गिरणी बंद पडली, तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर चाळीतले सगळे बाप दिवसभर घरी. ते त्या पट्टीवर पोते पसरून पत्ते खेळत बसू लागले. कोणी आम्हाला हाकलले नाही, पण वडील समोर बसलेले असताना आरडाओरडा करून खेळायची कोणाची छाती होत नव्हती. आम्ही हळूहळू खेळायचे थांबलो.

रेल्वेलाईन्स | सकाळी १०.०५

भोंगा यांचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

कुरडई | सकाळी ११.२०

शुक्रवारपेठकर काका, आपली विणकराची आठवण फार सुंदर आहे, पण 'आपण खेळलो कुठे' या शीर्षकातल्या 'आपण'विषयी मला थोडा वाद घालायचा आहे. माझी शाळा मुलींची होती आणि तिला चांगले अंगण होते. तिथे आम्ही लंगडी, खो-खो, साखळी हे सगळे खेळलो. परंतु शाळा सुटल्यानंतर गावातल्या एकाही मैदानावर मी कधी पाऊल ठेवले नाही. पार्क मैदानावर मुले क्रिकेट खेळत आणि आम्ही मैत्रिणी कडेच्या रस्त्याने चालत घरी जात असू, तेही शक्यतो पलीकडच्या बाजूने. सहावीनंतर तर 'मोठी झाली' या एका वाक्याने अंगणही बंद झाले. मग सागरगोटे आणि काचापाणी हे बसून खेळायचे खेळ आले, तेही पाण्याची पाळी नसेल त्या दिवशी. नळाला पाणी आले की खेळ मोडून कळशी घ्यायची, आणि मला नेमके माझ्यावर राज्य नसतानाच उठावे लागे, हे आजही लागून राहिले आहे.

भोंगा यांच्या चाळीत 'तीन मुली असलेले घर' होते. त्या तीन मुली त्या पट्टीवर काय खेळत होत्या, हे त्यांना आठवते का?

भोंगा | सकाळी ११.५५

ताई, खरे सांगायचे तर त्या धुणे वाळत घालताना आणि काढताना आठवतात. खेळताना आठवत नाहीत. हे लिहितानाच पहिल्यांदा लक्षात आले.

खडूमास्तर | दुपारी १.१०

मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यातली चौदा अशाच वाड्यातल्या शाळेत. खो-खोचे मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद लागते, हे मला पाठ होते. आमचे अंगण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अठरा मीटर भरत असे. मी ते दरवर्षी जूनमध्ये नव्याने मोजत असे, जणू उन्हाळ्यात ते वाढणार होते. मग आम्ही आठ चौकोनांऐवजी पाच चौकोन आखून सराव करायचो. खांबांसाठी एका पालकाने मोडलेल्या हातमागाची दोन लाकडे आणून दिली होती. फक्की विकत घ्यायला पैसे नसत, म्हणून आदल्या वर्षी भिंतींना दिलेल्या चुन्याचा उरलेला गाळ चाळून तीच वापरायचो.

याचा परिणाम मजेशीर झाला. आमच्या मुली खांबाला वळसा घालण्यात इतक्या तरबेज झाल्या की आंतरशालेय स्पर्धेत पहिली तीन मिनिटे समोरच्या संघाला काही सुचत नसे. नंतर मात्र त्यांना दम लागायचा, कारण एवढे सरळ अंतर त्यांनी आयुष्यात सलग धावून पाहिलेले नव्हते. तीन वर्षे आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. चौथ्या वर्षी मी त्यांना पहाटे होम मैदानावर नेऊ लागलो. कुरडईताई, आपला मुद्दा मला मान्य आहे. त्यासाठी मला बारा घरी जाऊन बारा आयांची परवानगी घ्यावी लागली आणि पाच घरी ती मिळाली नाही.

होटगीरोड | दुपारी २.३०

होम मैदानाचा विषय निघालाच आहे आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर आहे, म्हणून लिहितो. आम्ही बाळीवेशीतली मुले. वर्षाचे अकरा महिने होम मैदान आमचे आणि जानेवारीत ते सिद्धेश्वराचे, असा आमचा हिशोब होता. संक्रांतीच्या दिवशी तिथे होमप्रदीपन होते म्हणून ते होम मैदान, हे आजीने सांगितले होते. त्याआधी मी ते इंग्रजीतले 'होम' समजत होतो आणि घराजवळ असल्यामुळे मला त्यात काही चुकीचेही वाटत नव्हते.

गड्डा उठला की खरी मजा सुरू होई. पाळण्यांचे आणि तंबूंचे खांब उपटल्यावर जमिनीत खड्डे राहत. विटीदांडूसाठी आयती गल मिळे. पहिले दोन-तीन दिवस कोणी खेळत नसे, सगळे खाली मान घालून फिरत, कारण मातीत पडलेली नाणी सापडत. मला एकदा चार आणे आणि एक शिट्टी सापडली होती. शिट्टी आईने उकळत्या पाण्यात घालून दिली.

पूर्वभागकर | दुपारी ४.००

मी पद्मशाली घरातली, जन्म १९६८ चा. चौथीपर्यंत महापालिकेच्या तेलुगू शाळेत आणि पाचवीपासून मराठी माध्यमात शिकले. महापालिकेच्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांच्या शाळा होत्या. मैदान मात्र चौघांत मिळून एकच, आणि तेही शुक्रवारपेठकर काका म्हणतात तसे कोणा भलत्याचेच.

आधी काकांच्या चौकशीबद्दल: अशा जागा आमच्याकडे एक नाही, अनेक होत्या. त्या कामाला आम्ही पांजणी म्हणायचो. कडुलिंब आणि मारुती या खुणांवरून माझ्या मनात दोन जागा येतात. आईला विचारून सांगते, ती ब्याऐंशीची आहे आणि तिला गल्ल्या माणसांच्या नावांनी आठवतात.

आता कुरडईताईंच्या मुद्द्यात एक भर. आमच्या गल्लीत मुलींना मैदान नव्हते, याचे कारण केवळ 'मोठी झाली' हे नव्हते. शाळा सुटली की आम्ही आईशेजारी विड्या वळायला बसत असू. मी चौथीत असताना पाने कातरणे आणि दोरा गुंडाळणे हे माझे काम होते. हजार विड्या पूर्ण झाल्याशिवाय आई उठत नसे आणि आई उठल्याशिवाय मी उठत नसे. मांडीवर सूप ठेवून हात चालू असताना समोरच्या मोकळ्या जागेत भाऊ विटीदांडू खेळत आणि त्यांचे गुण मी मनातल्या मनात मोजत असे. त्यामुळे मला त्या खेळाचे सगळे नियम येतात. दांडू मात्र कधी हातात घेतला नाही.

एक गंमत सांगते. पाचवीत मराठी शाळेत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुले विटीदांडू खेळताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे अंक ओरडताना ऐकली आणि मला वाटले, ही तेलुगू बोलणारी मुले दिसतात. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे आमचे एक, दोन, तीन, चार. मी आनंदाने त्यांच्याशी तेलुगूत बोलायला गेले, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

बाळीवेसबसव | दुपारी ४.४५

ताई, क्षमा असावी, पण हे अंक कन्नडही असू शकतात. आमच्या घरी कन्नडच बोलतात आणि 'नाल्कु' म्हणजे चारच. कन्नडमध्ये वचने रचणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या गावात खेळाचे अंक कन्नड असणार, हे मला जास्त पटते.

पूर्वभागकर | दुपारी ५.१०

चार तुम्हाला दिले. पण कन्नडमध्ये एक म्हणजे ओंदु आणि दोन म्हणजे एरडु. त्यांचे वकट आणि लेंड कसे होणार? ओकटिचे वकट आणि रेंडुचे लेंड व्हायला मात्र काहीच लागत नाही, फक्त दात पडलेला एक मुलगा पुरतो.

बाळीवेसबसव | दुपारी ५.२५

दात पडलेल्या मुलापुढे माझा इलाज नाही. पहिले तीन आपले. चार सामाईक ठेवू. नंतर येणारा 'आर' मात्र दोन्हीकडे सहाच आहे.

दाळचुरमुरे | दुपारी ५.४०

आणि त्यानंतर विटी डोळ्यावर ठेवून मारायची तो 'डोळा' शुद्ध मराठी आहे. म्हणजे डोळा फुटण्याची जोखीम तेवढी आमच्या वाट्याला आली.

खडूमास्तर | संध्याकाळी ६.३०

पूर्वभागकर ताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो. आपण सर्वांनी रोज सकाळी हात पुढे करून जी प्रतिज्ञा म्हटली, ती मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली लिहिली. सोलापुरात ती चारही माध्यमांच्या शाळांत म्हटली जात असताना मूळ शब्दांच्या सगळ्यांत जवळ तेलुगू शाळेतली मुले होती, हे मला निवृत्तीनंतर कळले. आधी कळले असते तर परिपाठात एकदा तरी त्या मुलांकडून ती तेलुगूत म्हणवून घेतली असती.

जुळेसोलापूर | रात्री ९.१५

सर्वांना नमस्कार. माझा जन्म १९९६ चा, त्यामुळे या धाग्यावर मी कच्चा लिंबू आहे. तरीही थोडे उलट बोलतो. मागची पिढी मैदाने गेली म्हणून हळहळते, पण आमच्या जुळे सोलापूरमध्ये माझ्या लहानपणी मोकळे प्लॉट इतके होते की कुठे खेळायचे, हा प्रश्नच पडला नाही. एका प्लॉटवर घर उभे राहिले की आम्ही पुढच्या प्लॉटवर जायचो. पाया खणून ठेवलेली घरे लपाछपीला आणि वाळूचे ढीग लांब उडीला. सहा वर्षांत आम्ही सात 'स्टेडियम' बदलली. आता मी आणि माझे मित्र रात्री हिरव्या जाळीतल्या टर्फवर तासाचे पैसे भरून खेळतो. तिथे दिवे आहेत, प्यायला पाणी आहे, मुलीही खेळायला येतात आणि कोणाची चादर खराब होत नाही. त्यात वाईट काय आहे?

शिवाय जानेवारी २०२४ मध्ये पार्क मैदानावर रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. मी कार्यालयातून रजा काढून गेलो होतो. मैदान सुधारले नसते तर तो सामना इथे झाला असता का?

होटगीरोड | रात्री ९.४०

रणजीचा आनंद आम्हालाही आहे. कसोटीपटू पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरातले, हे सांगताना आमच्या वडिलांची मान ताठ होई. पण 'तासाचे पैसे' इथेच मला अडते. आमच्या पेठेतल्या निम्म्या मुलांकडे शाळेत न्यायला अख्खी पेन्सिल नसे. त्यांना जाळीबाहेर उभे राहावे लागले असते.

जुळेसोलापूर | रात्री ९.५५

ती उभी राहतात, काका. जाळीबाहेर गेलेला चेंडू तीच आणून देतात. हे आपण लिहिल्यावर आठवले.

नकाशा | ११ जानेवारी, सकाळी ७.४५

माझी नोकरी नगररचनेत गेली, म्हणून थोडा कोरडा तपशील देतो. शुक्रवारपेठकरांनी 'मैदान कोणाचे होते' असे विचारले आहे आणि माझ्या मते धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

वर आलेल्या जागा पाहा. चाळीतली पट्टी, पांजणीची जागा, मोकळे प्लॉट. यांतली एकही जागा कागदावर मैदान नव्हती. जी कागदावर मैदाने होती, त्यांची गोष्ट वेगळी. विकास आराखड्यात खासगी जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण टाकले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतरच्या ठरावीक मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. ही मुदत पूर्वी कमी होती, आता चोवीस महिने आहे. जमीन घ्यायला पैसा लागतो आणि ज्या वर्षी पाण्याच्या पाइपलाइनला पैसा पुरत नाही, त्या वर्षी क्रीडांगणाला तो कोठून येणार? मालकावरही अन्याय नको, म्हणून हे कलम आहे. मला त्याच्याविषयी तक्रार नाही. फक्त एवढेच सांगतो की नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या कित्येक मैदानांवर कधी एक चेंडूही पडला नाही, आणि ज्या जागांवर गाव खेळले त्या नकाशावर पिवळ्या, म्हणजे निवासी होत्या.

शाळांच्या बाबतीत शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या अधिनियमाने, क्रीडांगण हा शाळेच्या निकषांत धरला आहे. तो निकष लावला असता तर वरच्या धाग्यातल्या निम्म्या शाळा भरल्याच नसत्या.

खडूमास्तर | सकाळी ८.३०

नकाशा साहेब, निकष आला तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्याकडून माहिती मागवली गेली: क्रीडांगण आहे किंवा नाही. मी 'अठरा मीटर' असे लिहिले. तो रकाना फक्त 'होय' आणि 'नाही' यांसाठी आहे, असा शेरा मारून कागद परत आला.

दाळचुरमुरे | सकाळी ८.५०

मग आपण काय लिहिले?

खडूमास्तर | सकाळी ९.००

'होय'. मुली दोनदा स्पर्धेत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेल्या होत्या. 'नाही' लिहायला हात वळला नाही.

कुरडई | सकाळी १०.१५

मास्तर, त्या मुलींपैकी कोणी पुढे खेळले का?

खडूमास्तर | सकाळी ११.४०

एक पोलिसात आहे. तिच्या भरतीच्या वेळी धावण्याच्या चाचणीनंतर तिने मला फोन केला होता. बाकीच्यांची लग्ने लवकर झाली. त्यांतली एक मला अलीकडे भाजी बाजारात भेटली आणि पिशवी खाली ठेवून, खांबाला वळसा घालताना डावा पाय कुठे टाकायचा हे मी शिकवले होते ते तिने तिथेच करून दाखवले. लोक पाहत होते. ती साडीत होती.

रेल्वेलाईन्स | दुपारी १२.३०

उन्हाळ्याविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. सोलापूरचे मैदान म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी साडेसहापर्यंत निव्वळ तवा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेलेला असताना आमची सकाळची शाळा अकराला सुटे आणि त्यानंतर घराची दारे लावून आम्हाला ओल्या फरशीवर झोपवले जाई. मी रोज डोळे मिटून वडिलांच्या घोरण्याची वाट पाहत असे. चप्पल वाजू नये म्हणून ती हातात घेऊन बाहेर पडायचे, आणि मग रस्ता इतका तापलेला असे की सावलीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर उड्या मारत रेल्वेच्या मैदानापर्यंत जावे लागे. तिथे चिंचेखाली गोट्या. मातीवर बोट टेकवून नेम धरायचा म्हटले तरी चटका बसे.

पूर्वभागकर | १२ जानेवारी, दुपारी १.२०

शुक्रवारपेठकर काका, आपल्या जागेचा शोध लागला असे वाटते. आज सकाळी शाळेच्या प्रभातफेरीत नातू होता म्हणून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले होते. तिथून परत येताना आईला रिक्षात घालून साखर पेठेच्या मागच्या बाजूला नेले. मारुती आहे. तो आता गुडघ्याएवढा राहिलेला नाही, त्याला टाइल्स आणि लोखंडी दार बसले आहे. कडुलिंब नाही. मधल्या सगळ्या जागेवर यंत्रमागांचे शेड आहेत आणि त्यांच्यामधून दुचाकी जाईल एवढी गल्ली आहे. त्या गल्लीत आवाज इतका होता की आई काय म्हणते ते ऐकायला मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

तिने एका घराच्या ओट्याला लागून असलेला दगड दाखवला. वीतभर वर आलेला, मधे भोक असलेला. ताण्याचे टोक बांधायचा खुंटा त्यात रोवायचे, असे ती म्हणाली. जोडीचा दुसरा दगड बहुधा मारुतीच्या टाइल्सखाली गेला. घरातल्या बाईंनी तो दगड ठेवला आहे, कारण त्यावर पाय देऊन ओट्यावर चढायला सोयीचे पडते.

आपली चेंडूची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. आपल्याला शिकवणारा विणकर कोण, हे तिला सांगता आले नाही. चेंडूने ताणा तोडणारी मुले दर रविवारी असायची, असे ती म्हणाली. मारण्यापेक्षा बांधायला बसवले तर काम तरी होई, हा तिथला रिवाज होता. लग्नाआधी ती स्वतःही तिथे दोरे सांधायची. मग तिने विचारले, "त्यांना ती गाठ अजून येते का विचार."

शुक्रवारपेठकर | १२ जानेवारी, रात्री १०.०५

पूर्वभागकर ताई, आपल्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार सांगावा. आपला प्रतिसाद वाचल्यावर मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तोडला आणि बांधायला बसलो. पहिल्या चार गाठी सुटल्या. पाचवी बसली, पण ती तेव्हाची नाही. ती विणकराची गाठ ओढली की बारीक होत असे, माझी ओढल्यावर फुगते. डाव्या हाताच्या अंगठ्याने एक टोक कुठेतरी मागे दाबायचे असे, तिथेच माझे अडते आहे. नात शेजारी बसून सगळे पाहत होती आणि तिने आता स्वतःसाठी वेगळा दोरा मागितला आहे.

आम्ही गड्ड्यासाठी परवा सोलापूरला येत आहोत. मातोश्रींना त्रास होणार नसेल, तर जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास यावे असे मनात आहे. दोरा आम्ही आणू. तो कोणत्या जाडीचा आणावा, एवढे कृपया कळवावे.